रिकामी ट्यूब भंगारवाला ‘एचडी’ म्हणून घेईल का, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुमचा लहान कारखाना आहे, लवंग तेल आणि कडुनिंब घातलेली टूथपेस्ट आणि एक फेसवॉश तुम्ही ट्यूबमध्ये भरून विकता. टूथपेस्टची ट्यूब सध्या ॲल्युमिनियम फॉइल असलेल्या लॅमिनेटची, म्हणजे एकमेकांवर चिकटवलेल्या थरांची, आहे. पुरवठादाराने दोन पर्याय पुढे ठेवलेत: एक, पूर्ण प्लास्टिकची ‘रिसायकलेबल’ स्लीव्ह (ट्यूबचं दाबायचं नळीसारखं अंग), दोन, आत्ताच्याच ट्यूबमध्ये विघटन घडवणारं ॲडिटिव्ह. तुम्ही विचारता की नुसती स्लीव्ह बदलली की काम झालं का, ॲडिटिव्ह घ्यावं का, आणि ट्यूबवर ‘१००% रिसायकलेबल’ छापता येईल का.

लॅमिनेट आणि ट्यूब हाच माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो. आधी प्रश्न थोडा हलवून घेऊ. ‘कोणतं प्लास्टिक वापरू’ हा पुढचा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की रिकामी ट्यूब कचऱ्यात गेल्यावर ती पैसे देऊन कोण घेईल? आपल्याकडे प्लास्टिकचं रिसायकलिंग कचरावेचक, भंगारवाला, वर्गीकरणाचं गोदाम आणि भंगार वितळवून पुन्हा प्लास्टिकचा दाणा बनवणारा या साखळीवर चालतं. शाम्पूची बाटली या साखळीत सहज शिरते, कारण ती ‘ब्लो’ म्हणजे एचडीपीई (जास्त घनतेचं पॉलिइथिलीन, थोडक्यात ‘एचडी’) आहे हे वेचणाऱ्या बाईला हात लावताच कळतं आणि तिला भाव मिळतो. टूथपेस्टची ट्यूब ती बाजूला टाकते. आत पेस्ट चिकटलेली, वजन जेमतेम काही ग्रॅम, आणि कापली तर कडेला चंदेरी रेघ. त्या रेघेला भाव नाही.

ती रेघ म्हणजे फॉइल. ती नेमकं काय बिघडवते? दाण्याच्या कारखान्यात माल आधी कापतात, धुतात, पाण्याच्या टाकीत सोडतात, मग वितळवून जाळीतून गाळतात. टाकीचं काम सोपं असतं: पाण्याची घनता १ धरली तर एचडीपीईची ०.९५ च्या आसपास, त्यामुळे ते तरंगतं, पीईटी (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) १.३३ च्या वर, ते बुडतं. ॲल्युमिनियमची घनता २.७ आहे म्हणून फॉइलचा तुकडाही बुडेल असं वाटतं. पण हिशेब करून बघा. २५० मायक्रॉनच्या लॅमिनेटमध्ये फॉइल १२ मायक्रॉनची असेल तर सगळ्याची मिळून घनता १ च्या किंचित वर जाते आणि तुकडा कसाबसा बुडतो. फॉइल ९ मायक्रॉनची असेल तर घनता ०.९९ येते आणि तुकडा चक्क तरंगतो. म्हणजे तो चांगल्या एचडीबरोबर पुढे जातो आणि एक्सट्रूडरच्या, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या मशीनच्या, जाळीवर जाऊन बसतो. जाळी तुंबते, मशीन थांबवून ती बदलावी लागते. ट्यूब दिसली की दाणेवाला तोंड फिरवतो त्याचं कारण हे आहे. कारखान्यातली कोरी कात्रण दाबून पत्रे आणि बोर्ड करतात, ते चालतं, कारण ती स्वच्छ आणि एका जागी मिळते. घराघरांतून आलेली ट्यूब बहुतेक डंपिंगवर जाते किंवा सिमेंटच्या भट्टीत जळते.

तेव्हा उद्दिष्ट एका वाक्यात: स्लीव्ह, शोल्डर (तोंडाजवळचा ताठ भाग), कॅप धरून अख्खी ट्यूब एचडीपीईच्या प्रवाहात खपली पाहिजे. आता यातलं काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते बघू.

पहिलं म्हणजे तुमचा माल. फॉइल उगाच घातलेली नसते. ती प्राणवायू, बाष्प आणि सुवास, तिन्ही अडवते. साध्या पॉलिइथिलीनमधून बाष्प फारसं जात नाही, पण प्राणवायू आणि सुगंधी तेलं बऱ्यापैकी जातात. लवंग तेलातलं युजेनॉल आणि पुदिन्याचं मेंथॉल प्लास्टिकच्या थरात शोषलंही जातं. मऊ एलडीपीई (कमी घनतेचं पॉलिइथिलीन) जास्त शोषतं, एचडीपीई कमी. पेस्ट खराब होत नाही, पण सहा महिन्यांनी चव फिकी लागते आणि ट्यूब ठेवलेल्या खोक्याला लवंगेचा वास येतो. तुमच्या फेसवॉशमध्ये उडून जाणारं असं काही नसेल, तर त्याला बॅरियर, म्हणजे असा अडवणारा थर, लागणारच नाही. दोन्ही मालांना एकच ट्यूब घेण्याचा मोह टाळा.

टूथपेस्टला बॅरियर हवाच असेल तर फॉइलच्या जागी ईव्हीओएच (इथिलीन व्हिनाइल अल्कोहोल) या प्लास्टिकचा पातळ थर येतो. हे वेगळं पॉलिमर आहे, त्यामुळे तेही थोडी भेसळच. पण थोड्या प्रमाणात ते पॉलिइथिलीनमध्ये मिसळून जातं. युरोपातल्या लवचिक पॅकेजिंगच्या मार्गदर्शक सूचना बॅरियरचा वाटा एकूण वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात, आणि मीही तीच मर्यादा धरून चालतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: ईव्हीओएच ओलं झालं की त्याची प्राणवायू अडवण्याची ताकद घटते. पेस्टमध्ये पाणी असतं. म्हणून तो थर आतल्या पृष्ठभागाच्या फार जवळ नको, दोन्ही बाजूंनी पॉलिइथिलीनचं पुरेसं पांघरूण हवं. पुरवठादाराकडून थरांचा नकाशा मागा, प्रत्येक थर किती मायक्रॉनचा तो. ‘बॅरियर आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर येतो, स्लीव्ह बदलली की झालं का. कागद-पेन्सिल घ्या. ३५ मिलिमीटर व्यासाची, १४० मिलिमीटर लांबीची ट्यूब धरू. परिघ ११ सेंटिमीटर, म्हणजे स्लीव्हचं क्षेत्रफळ साधारण १५४ चौरस सेंटिमीटर. जाडी २५० मायक्रॉन असेल तर वजन साडेतीन ग्रॅमच्या थोडं वर येतं. त्यात १२ मायक्रॉन ईव्हीओएच म्हणजे जेमतेम ०.२२ ग्रॅम. आता शोल्डर दीड ग्रॅमचं आणि कॅप दोन ग्रॅमची धरा. एकूण ७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ट्यूबचं जवळजवळ निम्मं वजन शोल्डर आणि कॅपमध्ये आहे, आणि सगळी चर्चा मात्र स्लीव्हवर चाललेली असते.

कॅप बहुधा पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची) असते, कारण पीपीचं बिजागर हजार वेळा उघडझाक केलं तरी तुटत नाही. पीपीची घनता ०.९० च्या आसपास, तेही तरंगतं. टाकीत ते एचडीपासून वेगळं होत नाही. वरच्या हिशेबात ईव्हीओएच ३ टक्के आहे आणि पीपी पंचवीस टक्क्यांहून जास्त! बाटलीवरची पीपीची कॅप खपून जाते, कारण बाटली वजनाने मोठी असते. ट्यूबमध्ये कॅपचा वाटाच मोठा. त्यातून उभी राहणारी रुंद, जड कॅप घेतली तर कधी कधी ती स्लीव्हपेक्षा वजनदार भरते. त्यामुळे माझा पहिला सल्ला तुम्हाला अनपेक्षित वाटेल: बोलणी कॅपपासून सुरू करा. साधी फिरकीची कॅप एचडीपीईमध्ये सहज बनते. फ्लिप-टॉप हवी असेल तर एचडीपीईच्या बिजागराची चाचणी घ्यावी लागेल, पण तशी साचे करणारी माणसं आपल्याकडे आहेत. आणि कॅपचं वजन कमी करा. टूथपेस्टची ट्यूब कपाटावर उभी राहिलीच पाहिजे असा ग्राहकाचा आग्रह असतो का, हे एकदा विचारून बघा.

हे सगळं शक्य आहे का, अशी शंका काही वर्षांपूर्वी रास्त होती. एचडीपीई ताठ असतं, दाबलं की पुन्हा फुगतं; ट्यूबला मऊपणा हवा. म्हणून मऊ एलडीपीईची सवय पडली होती. कोलगेट-पामोलिव्हने एचडीपीईचे वेगवेगळे ग्रेड वेगवेगळ्या जाडीच्या थरांत मांडून हा पेच सोडवला. त्यात पाच वर्षांहून अधिक काळ गेला. २०१९ मध्ये त्या ट्यूबला अमेरिकेच्या असोसिएशन ऑफ प्लास्टिक रिसायकलर्सची मान्यता मिळाली, आणि कंपनीने ते तंत्र स्पर्धकांनाही खुलं केलं. मला त्या निर्णयाचं मोल फार वाटतं. ट्यूबच्या बाबतीत एकट्याने सुधारून उपयोग नसतो. भंगारात सगळ्यांच्या ट्यूब एकत्र येतात आणि निम्म्या फॉइलच्या असल्या तर दाणेवाला उरलेल्याही नाकारतो. आपल्याकडे ईपीएल, म्हणजे आधीची एस्सेल प्रोपॅक, जिचं नोंदणीकृत कार्यालय शहापूर तालुक्यात वासिंदला आहे, त्यांच्या प्लॅटिना ट्यूबलाही याच संस्थेची मान्यता आहे. तेव्हा ‘असं भारतात मिळत नाही’ हे उत्तर पुरवठादाराकडून ऐकून घेऊ नका. अडचण असेल ती किमान ऑर्डरच्या प्रमाणाची, आणि ती लहान उद्योगाला खरोखरच जाचते. त्यावर उपाय म्हणजे बॅरियरची गरज सारखी असलेल्या दोन-तीन उत्पादनांना एकाच व्यासाची, एकाच लॅमिनेटची ट्यूब ठेवायची आणि फरक फक्त छपाईत करायचा. किंवा जवळच्या एखाद्या उद्योजकाबरोबर लॅमिनेटचा रोल वाटून घ्यायचा.

फॉइल गेल्यावर दोन गोष्टी हाताला जाणवतील. फॉइलची ट्यूब दाबली तशी दबलेली राहते. प्लास्टिकची परत फुगते आणि तोंडातून हवा आत ओढते. पेस्टमध्ये हवा गेली की पुढच्या वेळी ती फसकन उडते. घट्ट पेस्टला हे चालून जातं, पातळ क्रीमला त्रास होतो. उपाय म्हणजे जाडी कमी ठेवणं आणि तोंडाचं छिद्र मालाच्या घट्टपणाप्रमाणे निवडणं. दुसरी गोष्ट तुमच्या फेसवॉशची. फेस आणणारी द्रव्यं ताणलेल्या एचडीपीईला हळूहळू तडे पाडतात. बाटलीला ताण कमी असतो. ट्यूब मात्र रोज दाबली जाते आणि शेपटीकडच्या सीलजवळ घडी पडते. मी अशा मालासाठी बाहेर एचडीपीई आणि आत मऊ पण चिवट रेषीय एलएलडीपीई अशी मांडणी सुचवतो. दोन्ही पॉलिइथिलीनच, त्यामुळे भंगारात बिघडत नाही. भरलेल्या ट्यूब मधोमध दुमडून, रबर लावून, पन्नास अंशांच्या कपाटात काही आठवडे ठेवा. तडा जायचा असेल तर तिथेच जाईल, ग्राहकाच्या बाथरूममध्ये जाणार नाही.

भरण्याच्या मशीनवरही फरक पडतो. एलडीपीई साधारण ११० अंशांना वितळतं, एचडीपीई १३० च्या आसपास. शेपटीचं सील जुन्याच तापमानाला मारलं तर वरून ठीक दिसतं आणि दाबल्यावर उकलतं. तापमान वाढवलं की छपाई पिवळी पडण्याची भीती. ही मधली पट्टी अरुंद आहे, म्हणून नवीन ट्यूबच्या पहिल्या लॉटला ऑपरेटरला वेळ द्या, आणि दर तासाला चार-पाच ट्यूब घेऊन तळहाताखाली जोरात दाबून बघायला सांगा.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. पांढरी किंवा फिकी ट्यूब, आणि छपाई आटोपशीर. गडद रंगाने झाकलेली ट्यूब वितळली की दाणा राखाडी होतो, मग त्यात काजळी घालून तो काळाच करतात आणि त्याला कमी भाव येतो. नायट्रोसेल्युलोजवर आधारलेली शाई वितळवताना करपते, वास आणि पिवळेपणा देते. मेटलाइज्ड फिल्मची चमक, कॅपवरचा सोनेरी पट्टा, कागदाचं लेबल, सगळं वगळा. काजळीच्या काळ्या रंगाची ट्यूब परदेशातल्या यंत्रांना दिसतच नाही, कारण तिथलं वर्गीकरण निकट-अवरक्त किरणांवर चालतं आणि काजळी ते किरण गिळते. निर्यातीचा विचार असेल तर हे आत्ताच पक्कं करा. युरोपीय संघाचा पॅकेजिंगचा नवा कायदा १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू होतो आणि २०३० पासून तिथे विकल्या जाणाऱ्या पॅकेजिंगला रिसायकलिंगच्या श्रेणीत बसावं लागणार आहे.

आतल्या उरलेल्या मालाकडे फार कमी लोक बघतात. एक सोपी चाचणी करा. घरच्या माणसाला ट्यूब द्या, ‘संपली’ म्हणून त्याने टाकायला काढली की वजन करा, मग कात्रीने उभी कापून धुऊन वाळवा आणि पुन्हा वजन करा. फरक म्हणजे वाया गेलेला माल. तोच माल दाणेवाल्याच्या पाण्यात जातो, आणि ट्यूबचा जेवढा भाग पेस्टचा तेवढं त्याला प्लास्टिक कमी मिळतं. शोल्डरच्या आतला कोन जितका उतरता, तितकी पेस्ट कमी अडकते. सपाट शोल्डरच्या कोपऱ्यात ती नेहमीच साचते.

म्हणजे क्रम असा झाला: मालाला बॅरियर किती लागतो ते ठरवा, मग कॅप, मग स्लीव्ह, मग रंग, आणि शेवटी भरण्याचं मशीन. नमुने हातात आल्यावर तपासणी घरीच करता येते. स्लीव्हचा तुकडा दुमडून सोडा. घडी तशीच राहिली तर आत फॉइल आहे. कॅपचे आणि स्लीव्हचे तुकडे पाण्यात टाका, पण तरंगलं म्हणजे एचडी असं समजू नका. पीपी आणि पातळ फॉइलचं लॅमिनेटही तरंगतं हे वर आलंच आहे. मग तीच रिकामी ट्यूब, धुतलेली, जवळच्या भंगाराच्या गोदामात घेऊन जा आणि विचारा की हा माल तुम्ही कशात टाकाल. पुण्यासारख्या शहरात, जिथे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे सभासद दारोदार जाऊन कचरा गोळा करतात, तिथल्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये अर्धा तास उभं राहिलात तर कुठल्याही प्रयोगशाळेच्या अहवालात न सापडणारी माहिती मिळेल.

एक अपवाद सांगायला हवा. पाच-दहा ग्रॅमचं मलम, ज्याला खरोखरच पूर्ण बॅरियर लागतो, त्याला ईव्हीओएचची लहान ट्यूब करून काही साधत नाही. इतकी छोटी वस्तू कुठल्याच चाळणीवर टिकत नाही. तिथे जुनी, निव्वळ ॲल्युमिनियमची ट्यूब मला जास्त प्रामाणिक वाटते. तिची कॅप काढली की उरतो तो एकच धातू, आणि त्याला भंगारात भाव आहे.

आता ॲडिटिव्ह. घेऊ नका. फॉइल असलेल्या ट्यूबमध्ये ते घातल्याने फॉइल कुठे जात नाही. एचडीपीईच्या ट्यूबमध्ये घातलं तर ती भंगारात जाऊन दुसऱ्यांच्या चांगल्या दाण्यातही मिसळते, आणि त्या दाण्याचा पाइप उन्हात काही वर्षांत ठिसूळ होण्याचा धोका राहतो. ऑक्सो पद्धतीने, म्हणजे ॲडिटिव्हमुळे प्राणवायूच्या संपर्काने, तुकडे होणाऱ्या प्लास्टिकवर युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशातच बंदी घातली. एकाच ट्यूबला ‘टिकाऊ दाणा बनेल’ आणि ‘विघटित होईल’ ही दोन्ही वचनं देता येत नाहीत.

नियमांचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२२ च्या उत्पादक जबाबदारीच्या (विकलेल्या पॅकेजिंगच्या कचऱ्याची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकणाऱ्या) मार्गदर्शक सूचनांत प्लास्टिकचे वर्ग पाडले आहेत. प्लास्टिकबरोबर दुसऱ्या पदार्थाचा थर असेल, म्हणजे तुमची फॉइलची ट्यूब, तर ती तिसऱ्या वर्गात पडते. सगळे थर प्लास्टिकचे असलेलं लवचिक पॅकेजिंग दुसऱ्या वर्गात. जाड, ताठ ट्यूब नेमकी कुठे बसते यावर मतभेद होऊ शकतात, ते तुमच्या सल्लागाराकडून लेखी घ्या. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेले असाल तर ब्रँडमालक म्हणून ती जबाबदारी थेट तुमच्यावर येत नाही. पण पॅकेजिंग बदललं की टिकाऊपणाची चाचणी पुन्हा करावी लागेल, तीही ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला. टूथपेस्ट आयुर्वेदिक परवान्यावर असेल तर त्या कागदपत्रांतला बदलही आधी विचारून घ्या. जुना साठा संपायला जितके महिने लागणार, तेवढे या चाचणीसाठी वापरता येतात.

राहिला ‘१००% रिसायकलेबल’चा छाप. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दाव्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. मोघम दावा पुराव्याशिवाय करता येत नाही. तुमच्या ट्यूबमध्ये ईव्हीओएच आहे, शाई आहे, तेव्हा १०० हा आकडा मुळातच टिकणार नाही. मी असतो तर तळाला त्रिकोणातला २ हा आकडा (एचडीपीईची खूण) घातला असता, तोही कॅप एचडीपीईची झाल्यावरच, आणि खाली ठळक अक्षरांत एवढंच: ‘ट्यूब आणि झाकण एचडीपीईचं आहे. पूर्ण पिळून, झाकण लावून सुक्या कचऱ्यात द्या.’ झाकण लावून असं मुद्दाम लिहा, कारण सुटी कॅप चाळणीतून खाली पडते आणि तुमच्या ट्यूबच्या वजनाचा मोठा वाटा तिच्याबरोबर जातो.